स्केचवह्यांचा लॉकडाऊन : हौशी चित्रकारांचा इतिहास कसा लिहायचा?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून दोन शंका वारंवार येतात. पहिली, ‘विषय अगदी कालपरवाचा असेल तर त्याला इतिहास म्हणायचं का?’ आणि दुसरी, ‘नामांकित कलावंत सोडून हौशी माणसांच्या चित्रांवर काम केलं तर गाईड ते मान्य करतील का?’ गाईडचं मी सांगू शकत नाही. पण विषय म्हणून यात दम आहे का, हे एका उदाहरणावरून तपासता येतं. म्हणून आज २०२०च्या लॉकडाऊनमधले हौशी चित्रकारांचे गट घेते आहे.

आधी शब्दाचं बघू. ‘हौस’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसी ‘हवस’वरून आला. इंग्रजीतला ‘अमॅच्युअर’ लॅटिनमधल्या ‘प्रेम करणे’ या क्रियापदापर्यंत जातो. म्हणजे मुळात दोन्हीकडे ओढ आहे, कमी दर्जा नाही. तो नंतर चिकटला, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. हौशी रंगभूमी म्हटलं की मराठी माणूस आदराने बोलतो, कारण राज्य नाट्य स्पर्धेची परंपरा पाठीशी आहे. हौशी चित्रकार म्हटलं की मात्र ‘हौशे-नवशे-गवशे’मधला पहिला. गंमत म्हणजे महाराष्ट्रात शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली माणसं घरोघरी सापडतात. पुढे कुणी बँकेत गेलं, कुणी इंजिनियर झालं, कुणी घर सांभाळलं. वीसतीस वर्षांनी हीच माणसं स्केचवही घेऊन परत बसतात. त्यांची नोंद कलेच्या इतिहासात जवळजवळ नसते.

अशा माणसांचं जगभर पसरलेलं एक जाळं म्हणजे ‘अर्बन स्केचर्स’. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात राहणारा स्पॅनिश वंशाचा पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपानारिओ याने २००७ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर एक गट सुरू केला. कल्पना साधी होती. आपापल्या गावात, जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं आणि एकमेकांना दाखवायचं. २००८ मध्ये सामाईक ब्लॉग आला, २००९ मध्ये संस्था नोंदवली गेली, २०१० पासून दरवर्षी कुठल्यातरी शहरात संमेलन भरू लागलं. पहिलं पोर्टलंडला. पुढे लिस्बन, बार्सिलोना, सिंगापूर, शिकागो, पोर्तो, अ‍ॅमस्टरडॅम. मुंबई-पुण्यातही असे गट आहेत. सुट्टीच्या सकाळी एखादी जुनी इमारत, मंडई किंवा स्टेशन धरून बसायचं, दोन तास काढायचं, मग सगळ्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडून बघायच्या. हे वह्या मांडणं म्हणजे या गटांचा विधीच आहे म्हणा ना. कुणी गुण देत नाही, पण शेजारच्या वहीतली तीच इमारत बघून माणूस शिकतो.

या चळवळीचा आठ कलमांचा एक जाहीरनामा आहे. त्यातलं पहिलंच कलम म्हणतं की आम्ही प्रत्यक्ष जागेवर, आत किंवा बाहेर, समोर बघून काढतो. फोटोवरून काढणं यात बसत नाही. आता २०२० आठवा. २२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू, २४ मार्चच्या रात्रीची घोषणा, आणि २५ मार्चपासून २१ दिवस सगळं बंद. पुढे ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. एप्रिलमध्ये हाँगकाँगला होणारं अर्बन स्केचर्सचं संमेलनही रद्द झालं. ज्या गटाचं सगळं अस्तित्व ‘बाहेर जाऊन एकत्र बसणं’ यावर उभं, त्याच्याकडून बाहेरही गेलं आणि एकत्रही गेलं.

आणि इथे इतिहासकाराचं काम सुरू होतं. कारण संकटात गट कुठला नियम धरतो आणि कुठला सोडतो, यावरून त्याला नेमकं काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं. जाहीरनाम्यातला ‘आत किंवा बाहेर’ हा तुकडा इतकी वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नव्हता. ‘आत’ म्हणजे पाऊस आला तर कॅफेत. लॉकडाऊनमध्ये त्याच शब्दाने सगळ्यांना तारलं. खिडकीतून दिसणारी समोरची गच्ची, गॅलरीतल्या कुंड्या, ओट्यावरची भांडी, सोफ्यावर झोपलेला मुलगा. हेही जागेवरचंच, समोर बघूनच काढलेलं. नियम मोडला नाही, फक्त शहर आकसून घराएवढं झालं.

दुसरा मार्ग जास्त वादाचा होता. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर सगळ्यांनी एकाच परदेशी गल्लीत ‘जायचं’, तिथलं काढायचं आणि संध्याकाळी चित्रं एकत्र बघायची. स्ट्रीट व्ह्यूवरून चित्रं काढण्याचा खेळ त्याआधी दहाएक वर्षं काही चित्रकार खेळतच होते, त्यामुळे तंत्र नवं नव्हतं. प्रश्न असा की हे ‘समोर बघून’ झालं का? नियमावर बोट ठेवलं तर नाही. पण इथे वह्या मांडण्याचा विधी वाचत होता. माझं मत विचाराल तर या दोन वाटांमधला ताण हाच संशोधनाचा प्रश्न आहे. एकीने जागेचा नियम राखला, दुसरीने सोबतीचा. ‘लॉकडाऊनमध्ये कला कशी बहरली’ हा प्रश्न नव्हे, ती वर्तमानपत्राची पुरवणी झाली. ‘हौशी गटाला चित्र आधी हवं असतं की सोबत?’ हा प्रश्न पुराव्यानिशी तपासता येतो.

त्या वर्षीचे इतर उपक्रमही बघायला हवेत, पण वेगळं काय ते ओळखून. नेदरलँड्समधल्या एका इन्स्टाग्राम खात्यावरून सुरू झालेला आणि मार्चच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने उचललेला खेळ तुम्हाला आठवत असेल. घरातल्या तीन वस्तू घेऊन प्रसिद्ध चित्राची नक्कल करायची. टॉवेल, कढई, कुत्रा, काहीही. ब्रिटनमध्ये चॅनल ४ वर ग्रेसन पेरीचा ‘आर्ट क्लब’ एप्रिलमध्ये सुरू झाला. दर आठवड्याला एक विषय, लोकांनी चित्रं पाठवायची, निवडक चित्रांचं मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत प्रदर्शन. हे दोन्ही मोठे, पण वरून खाली आलेले. मधोमध संग्रहालय किंवा वाहिनी, आणि निवड त्यांची. गटाची गोष्ट आडवी पसरते. दोन्हींना एकाच मापाने मोजलं तर घोटाळा होतो.

तुलनाच करायची तर मी फार मागे जाईन. इंग्लंडच्या ईशान्येला अ‍ॅशिंग्टन नावाचं कोळसा खाणींचं गाव आहे. १९३४ मध्ये तिथल्या खाणकामगारांनी वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनमार्फत कला समजून घेण्याचा वर्ग मागितला. शिकवायला रॉबर्ट ल्योन आला. थोरामोठ्यांच्या चित्रांवरची व्याख्यानं काही जमेनात, तेव्हा त्याने सरळ त्यांनाच काढायला लावलं. पद्धत अशी की एक विषय ठरायचा, प्रत्येकाने पाळी संपल्यावर घरी चित्र करायचं, पुढच्या बैठकीत सगळी चित्रं मांडून बोलायचं. रंग कसले, तर घराच्या भिंतीला लावायचे. कॅनव्हासऐवजी पुठ्ठा, प्लायवूड. दोनच वर्षांत न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं आणि पुढची चाळीसपन्नास वर्षं हा गट चालू राहिला. विषय ठरवणं, घरी काढणं, एकत्र बघणं: २०२०च्या व्हॉट्सअ‍ॅप गटांचं वेळापत्रक याहून फार वेगळं नाही.

पण एक फरक जीवघेणा आहे. अ‍ॅशिंग्टनच्या माणसांकडे एक झोपडीवजा शेड होती. चित्रं गटाची समजली जायची आणि तिथेच राहायची. म्हणून विल्यम फीव्हर या कलासमीक्षकाला त्यांच्यावर पुस्तक लिहिता आलं, म्हणून तो संग्रह आज वुडहॉर्नच्या संग्रहालयात एकत्र बघता येतो. व्हॉट्सअ‍ॅप गटाला शेड नाही.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या साधनांचं भवितव्य यात आहे. अर्बन स्केचर्सचा जन्म फ्लिकरवर झाला हे वर आलंच. २०१८च्या शेवटी फ्लिकरने जाहीर केलं की फुकट खात्यांवर एक हजारच फोटो राहतील, वरचे जुने काढले जातील. काही प्रकारच्या फोटोंना सूट मिळाली, सगळ्यांना नाही. याहू ग्रुप्स तर हौशी मंडळांचं माहेरघर. डिसेंबर २०१९ मध्ये तिथला साठवलेला मजकूर काढून टाकला गेला आणि वर्षभराने सेवाच बंद झाली. कुठल्याही पुराभिलेखागारात वाळवी लागली तरी इतक्या झटकन लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या अडचणी आणखी वेगळ्या. तिथे फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि कॅमेऱ्याने फोटोत ठेवलेली तारीख-वेळ निघून जाते. तुमच्या हाती उरते ती पाठवल्याची वेळ. चित्र त्या दिवशीचं, की आठवडाभर आधीचं, की चक्क २०१६ सालचं ‘जुन्या आठवणी’ म्हणून टाकलेलं, हे त्यावरून कळत नाही. गटाची चॅट मीडियाशिवाय एक्सपोर्ट केली तर चित्रं येत नाहीत, ‘वा’, ‘सुंदर’ आणि टाळ्यांच्या रांगा येतात. म्हणजे प्रतिसाद आहेत पण कशाला ते नाही! फोन भरला की ‘शुभ सकाळ’बरोबर स्केचेसही उडतात. झूमवरच्या भेटींचं तर विचारूच नका. फुकट खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांनी तुटायची, आणि त्या ४० मिनिटांत काय बोलणं झालं त्याची नोंद कुणी ठेवलेली असेल तर तुमचं नशीब.

मग विश्वासाचं साधन कुठलं? वही. कागदी, हाताळलेली वही. तिच्यात पानांचा क्रम असतो, कोपऱ्यात तारीख असते, आणि साहित्य बोलतं. त्या आठवड्यांत चित्रकलेच्या सामानाची दुकानं बंद होती, रंग जीवनावश्यक वस्तूंत बसत नव्हते. एखाद्या वहीत मार्चअखेर जलरंग आहेत, एप्रिलच्या मध्यापासून फक्त बॉलपेन, मग चहाकॉफीच्या पाण्याने भरलेली छाया, तर ती शैलीची निवड आहे की टंचाईची खूण? दोन्ही शक्यता धरून चला. मार्क ब्लॉख या फ्रेंच इतिहासकाराने अशा साक्षीदारांना फार महत्त्व दिलं आहे, जे साक्ष द्यायची म्हणून बोलत नाहीत. ओट्याचं स्केच करणाऱ्याला सॅनिटायझरच्या बाटलीचा इतिहास नोंदवायचा नव्हता. ती तिथे होती म्हणून चित्रात आली, आणि म्हणूनच ती भरवशाची.

आता मौनाबद्दल. मिशेल-रॉल्फ त्रुइयो या हैतीच्या अभ्यासकाचं १९९५ चं ‘सायलेन्सिंग द पास्ट’ प्रवेशपरीक्षेच्या आधी वाचाच. तो म्हणतो, इतिहासात गप्पपणा चार वेळा शिरतो: साधन तयार होताना, साठवताना, त्यातून गोष्ट रचताना, आणि शेवटी तिला महत्त्व देताना. आपल्या विषयात पहिलीच पायरी सर्वात बोलकी आहे. ज्याला खिडकी होती त्याने खिडकी काढली. त्याच दिवसांत हजारो मजूर महामार्गावरून गावाकडे चालत होते. ते या वह्यांत आलेच तर बातमीतल्या फोटोवरून आले, म्हणजे गटाच्याच नियमाने बाहेरचे. गटातल्या गटातही बघा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुष ९७. हे लॉकडाऊनच्या आधीचं, घरी मदतीला बाई येत असतानाचं. तेव्हा ‘लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ मिळाला’ हे वाक्य मुलाखतीत आलं की ते कुणाचं आहे ते बघा. आणि बायकांची चित्रं किती वाजता पोस्ट झाली आहेत तेही मोजा. इथे पाठवल्याची वेळ कामाला येते!

परवानगीचा मुद्दा शेवटी टाकतात, पण आराखड्यात तो आधी लिहा. अ‍ॅडमिनने होकार दिला म्हणजे गटाने दिला असं नव्हे. चित्राचा हक्क काढणाऱ्याचा, आणि तो हयातीनंतरही साठ वर्षं राहतो. शिवाय घरातलं स्केच म्हणजे माणसाचं घर उघडं करणं आहे, औषधांच्या बाटल्यांसकट. सगळ्यात अवघड प्रसंग गेलेल्या माणसांचा. २०२१च्या दुसऱ्या लाटेत गटातलं कुणी गेलं असेल तर त्यांचं शेवटचं चित्र बहुधा गटातच पडून असतं, घरच्यांना माहीतही नसतं. तुम्ही ते वापरायला मागायला जाल तेव्हा खरं तर त्यांना पहिल्यांदा दाखवत असाल. त्यासाठी फोन करून चालत नाही, प्रत घेऊन जावं लागतं.

मुलाखतीला बसाल तेव्हा ‘चित्रकलेने तुम्हाला काय दिलं?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं, तेही त्यांनी स्टेटसला आधीच टाकलेलं असतं. वही मागा. पानं त्यांनाच उलटू द्या. १२ एप्रिलनंतर एकदम २० जून आलं, तर मधल्या दोन महिन्यांबद्दल विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा.