तांदळावर लिहिलेलं नाव

पदक तुमच्या तळहातावर आहे. गोंदियातल्या घरच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्यांच्या तळाशी ते सापडलं. एका बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानचा नकाशा, वर 'इंडिया' आणि खाली 1939-45. फीत गडद निळी, तिच्यात फिक्या निळ्या रेघा. तुम्ही कडेवरून नख फिरवता, पदक खिडकीशी नेऊन पाहता. कडेवर नाव नाही. ही पदकं नाव न कोरताच वाटली गेली होती.

आजोबा शाळामास्तर होते, फौजेत कधी गेले नाहीत. मग हे कुणाचं?

"तुझ्या आजीचं," आई म्हणते. "लग्नाआधी जबलपूरला फोनवर होती. एवढंच सांगायची. पुढं विचारलं की उठून जायची."

ही आजी मी कल्पनेनं उभी केली आहे, हे आधीच सांगतो. तिच्याभोवतीचं वर्ष, गाडी, खातं आणि कागद मात्र खरे आहेत.

आता त्या पदकालाच बोलतं करा. त्याचं नाव इंडिया सर्व्हिस मेडल. आघाडीवर न जाता लष्करात तीन वर्षं नोकरी झालेल्यांना ते मिळायचं आणि तीन वर्षं मोजायची ती 2 सप्टेंबर 1945 पर्यंत. मागे मोजत या. आजी 2 सप्टेंबर 1942 च्या आत भरती झाली असली पाहिजे. बायकांचं खातं, विमेन्स ऑक्झिलरी कोर, उभं राहिलं तेच 1942 साली. म्हणजे आजी अगदी पहिल्या काही महिन्यांतली. बिननावाच्या पदकानं तुमच्या हाती एक पावसाळा दिला आहे.

नाव मिळतं ते दुसऱ्याच ठिकाणी. विदर्भातल्या घरात एक फाईल असतेच, जात पडताळणीची. आजीच्या भाच्यानं ती करताना गावोगाव फिरून जुने कागद गोळा केले होते: कोतवाल बुकाची नक्कल, बंदोबस्ताची मिसल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. त्या उताऱ्यात आजीच्या भावाचं नाव आहे, त्याखाली आजीचं. पालकाचा धंदा या रकान्यात लिहिलंय: रेल्वे, तारबाबू. आणि आजीचं जे नाव लिहिलंय ते तुम्ही जन्मात ऐकलेलं नाही. तुमच्यासाठी ती जी होती ते नाव सासरचं. हे दुसरंच आहे. दोनदा वाचता. मग मोठ्यानं उच्चारता.

आणि पाऊस लागतो.

ऑगस्ट 1942 संपत आलाय. तुम्ही गोंदिया स्टेशनवर उभे आहात. पाटीवर बी.एन.आर., बंगाल नागपूर रेल्वे. रोवणी आटोपलेली, रुळांपलीकडे धानाच्या बांध्या पाण्यानं काठोकाठ. मोठ्या लाईनवर फौजेची गाडी उभी आहे, हावड्याकडे तोंड करून. मार्चमध्ये रंगून पडलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले, तेव्हापासून अशा गाड्या येतातच आहेत. बिरसी-कामठ्याकडे शेतांच्या मधोमध विमानाची धावपट्टी झाली आहे. चहावाला तिच्याबद्दल बोलतो आणि मधेच गप्प होतो, कारण शेजारी पोलीस येऊन उभा राहिला आहे.

पोलीस उगाच नाही. याच महिन्यात गांधीजींना पकडलं. तुमसरात गोळीबार झाला, माणसं गेली. चिमूर पेटलं, आष्टी पेटली. तुमसर लांब नाही, याच भंडारा जिल्ह्यात, याच लाईनवर आहे. तारबाबूंना तर सगळ्यात आधी कळलं असणार, तार त्यांच्याच हातून गेली.

छोट्या लाईनच्या फलाटावर ती उभी आहे. अठरा-एकोणीस वर्षांची, ट्रंक, वळकटी, वेणीत फूल नाही. तारबाबू बाजूला. आई घरीच राहिली आहे. तुम्ही इतक्या जवळ आहात की तिच्या मनगटावरची काचेची बांगडी तडकलेली दिसते. तुम्हाला विचारायचंय: आत्ता? या महिन्यात? इंग्रजांच्या फौजेत? पण या फलाटावर तुमचा आवाज उमटत नाही.

"येतो मी, बाबा," ती म्हणते. आपल्याकडची बाई 'येतो'च म्हणते. पुण्याचा माणूस चमकला असता, इथं कुणी वळूनही बघत नाही.

छोटी गाडी सुटते. बालाघाट, मग घाट आणि जंगल, नैनपूर, शेवटी जबलपूर. तुम्ही समोरच्या बाकावर बसून तिला बघत राहता. ती एकदाही रडत नाही आणि एकदाही झोपत नाही.

जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना आहे, लष्कराचे डेपो आहेत, सिग्नल कोरचं ट्रेनिंग सेंटर आहे. पुरुष आघाडीवर हवेत म्हणून फोन, टाईप, हिशेब, गाडी चालवणं ही कामं बायकांना दिली जाताहेत. गोऱ्या मुली आहेत, अँग्लो-इंडियन पुष्कळ आहेत, आपल्या कमी. आपल्या मुलींना खाकी साडी नेसायची मुभा आहे. पहिल्या दिवशी ती खाकी साडी नेसून आरशापुढे उभी राहते, पदर खांद्यावर पिनेनं घट्ट लावते आणि दोन्ही हात मोकळे आहेत ना हे हलवून बघते. मग हसते. तुमची आजी अशी हसताना तुम्ही कधी पाहिली नव्हती.

एक्स्चेंजमध्ये तुम्ही तिच्या खांद्यामागे उभे राहता. बोर्डावरचं एक झाकण टपकन खाली पडतं. ती दोरी उचलते, पितळी टोक भोकात घालते. "नंबर प्लीज." दुसरी दोरी, दुसरं भोक. बोलणं संपलं की टोक ओढून काढते आणि खालच्या वजनानं दोरी सर्रकन आपल्या जागी जाते. पुन्हा झाकण पडतं. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी आजी तुमच्या केसांत बोटं फिरवायची ती अशीच, न बघता, नेमकी. ती बोटं इथं घडली.

युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्यात पंचवीस लाखांवर माणसं होती. त्यांत या खात्यातल्या बायका दहा हजारांवर. त्यांतल्या आपल्याला माहीत आहेत त्या बोटांवर मोजण्याइतक्या. नौदलाच्या शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन 1945 मध्ये ब्रिटनला गेल्या, त्यांचे साडीतले फोटो जपलेले आहेत. मुलींनी पुरुषांबरोबर काम करणं आपल्याकडे अजून लोकांना पटत नाही, पण मुलीच ते मोडून काढताहेत, अशा आशयाचं त्या तिथं बोलल्या होत्या. एक्स्चेंजमधल्या मुलीचा फोटो कुणी जपला नाही.

वर्षं झपाझप जातात. 1943 मध्ये बंगालात भुकेनं माणसं मरताहेत आणि धानाच्या मुलखातली ही मुलगी मेसमधला भात ताटात टाकत नाही. युद्ध संपतं. मग 27 फेब्रुवारी 1946. मुंबईच्या नाविकांचा उठाव नुकताच दडपला गेलाय आणि आता जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधले जवान बराकी सोडून रस्त्यावर आले आहेत, घोषणा देत, काँग्रेसचे झेंडे घेऊन. पुढच्या काही दिवसांत त्यांचा आकडा सतराशेच्या आसपास जातो. रोज हेडफोनवर ज्यांच्याशी बोलायची, ती ही माणसं. त्यांना शिक्षा झाल्या, पुष्कळांची नोकरी गेली. ती खिडकीशी उभी आहे. तिच्या मनात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि मीही तिथं माझं काही घालणार नाही. फौजेत गेली म्हणून ती इंग्रजांची झाली नाही, आणि रस्त्यावर उतरली नाही म्हणून देशाची नव्हती असंही नाही. तारबाबूची शिकलेली मुलगी होती, तिला काम मिळालं आणि ते तिनं चोख केलं. एवढं तिच्या बाजूनं ठामपणे म्हणायला मला अडचण वाटत नाही.

1947 मध्ये खातंच बंद झालं.

शेवटचा थांबा मांडवाचा आहे. होम विझत आलाय. ताटात तांदूळ पसरलेत, तिच्याच बाजूच्या शेतातले असतील. तुमचे आजोबा अंगठीनं त्या तांदळावर नवं नाव लिहितात. आडनाव, नवऱ्याचं नाव आणि तिचं स्वतःचंही, सगळं नवं. बायका हसतात, उखाणा होतो. मग कुणीतरी ताट उचलतं, हलवतं आणि तांदूळ पुन्हा नुसते तांदूळ होतात. खाकी साडीतल्या मुलीचं नाव त्या दिवसानंतर घरात कुणी घेतलं नाही. तिनंही नाही. तुमसरच्या आठवणी ताज्या असलेल्या गावात आपण कुठं होतो हे ती कुणाला सांगणार होती?

पाऊस थांबतो. तुम्ही माळ्याखाली उभे आहात, हातात उतारा.

आता शोध कुठं घ्यायचा? सासरच्या नावानं शोधलंत तर कुठंच काही मिळणार नाही, कारण लष्करात त्या नावाची बाई कधी नव्हतीच. दाखल-खारीजमधलं नाव हीच किल्ली. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला, त्याआधीचा जिल्हा भंडारा, तेव्हा जुन्या कागदांसाठी भंडाऱ्याची वाट धरावी लागते. ती अधिकारी झाली असेल तर तेव्हाच्या गॅझेट ऑफ इंडियात नेमणुकीची ओळ असू शकते. साधी ऑपरेटर असेल तर घरातलेच कागद जास्त बोलतात: डिस्चार्जचा दाखला, जबलपूरचा शिक्का असलेलं पोस्टकार्ड, फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा ठसा. खात्याचे सरकारी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या संग्रहातही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायलाही हरकत नाही. पण प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच येईल: तेव्हाचं नाव काय?

म्हणून पेटी उघडण्याच्याही आधी एक काम करा. घरातली सगळ्यात म्हातारी बाई जिवंत असेल तर आज तिच्याजवळ बसा. तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, शाळेचं गाव आणि तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा. तारीख घालून शाईनं वहीत लिहून ठेवा.