मोटारसायकलवरची गाणी आणि इतिहासाचे टप्पे

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर आराखडा लिहिताना आपण हमखास एक चूक करतो: वस्तू ज्या क्रमानं बाजारात आल्या, त्याच क्रमाला इतिहास समजतो. मीही तेच केलं. १९७९ सोनी वॉकमन, १९८४ सोनीचाच सुटसुटीत सीडी प्लेयर, १९९२ मिनीडिस्क, १९९८ रिओ, २००१ आयपॉड. मार्गदर्शक मॅडमनी यादी वाचली आणि विचारलं, "प्रगती झाली खरी, पण कोणाची?"

मग मी वापरणारा एकच माणूस डोळ्यांसमोर धरला: मोटारसायकलवर गाणी ऐकणारा. त्याची मुख्य अडचण म्हणजे हादरे. आता तीच यादी पुन्हा बघू.

कॅसेटची फीत हेडला टेकूनच सरकते. धक्का बसला तर सूर थोडा हलतो, पण गाणं तुटत नाही. सीडी वाचणारा लेझर तबकडीला टेकत नाही, आणि तिच्यावरच्या शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर असतं साधारण १.६ मायक्रोमीटर. खड्डा आला की लेझर वाट चुकतो. म्हणजे या माणसासाठी १९८४ हे मागे पडलेलं पाऊल!

त्यावर उपाय निघाला तो गाणं थोडं आधीच वाचून मेमरीत ठेवण्याचा. १९९२च्या पहिल्या मिनीडिस्क प्लेयरमध्ये अशी १० सेकंदांची सोय होती. एखाद्या गतिरोधकापुरती ती ठीक. पण खराब रस्ता संपतच नसेल, तर रिकामी झालेली मेमरी भरणार कधी?

१९९८च्या रिओत जागा फक्त ३२ एमबी, गाणी जेमतेम अर्धा तास. पण गाणी फ्लॅश मेमरीत, त्यामुळे फिरणारी तबकडीच नाही. २००१च्या आयपॉडमध्ये ५ जीबी जागा आली, पण फिरती हार्ड डिस्कही आली. मेमरीचा साठा मोठा असल्यानं तो बराच सावरायचा. तरी नाजूक भाग आत होताच. २००५मध्ये शफल आणि नॅनो फ्लॅशवर आले, तेव्हा कुठे आयपॉड रिओच्या वाटेला लागला.

वस्तू त्याच, सनावळी तीच. प्रश्न बदलला आणि टप्पे बदलले. साधनंही बदलतात: जाहिरातींत 'किती गाणी मावतात' ते सापडतं, 'कुठे ठेवू नये' ते माहितीपुस्तिकेत. नव्या शोधांऐवजी वापराचा इतिहास लिहा, असा आग्रह डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये धरला आहे, तो यासाठीच.

आणि गोष्ट संपली असं समजू नका. सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलनं सूचना काढली: जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. गाणी फ्लॅशमध्ये सुखरूप, पण हलणारा भाग आता कॅमेऱ्यात! आराखड्यात 'अखेर प्रश्न सुटला' असं वाक्य लिहिण्याआधी एवढं आठवा.