आधी परवाना, मग सोल्डर

बदलापुरात गच्चीवर पाच वॅटचा हातसेट घेऊन उभं राहिलं की अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण स्वच्छ ऐकू येतात. पनवेल येत नाही. मलंगगडापासून चंदेरीपर्यंतची डोंगररांग मध्ये आडवी आहे आणि हातसेटच्या व्हीएचएफ लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत चालतात. यावर उपाय रिपीटरचा: उंचावर ठेवलेला संच, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसरीवर जोरात बोलतो. असा सगळ्यांच्या कामाचा रिपीटर आपल्या खोऱ्यात असावा, असं मला मनापासून वाटतं. पण विषय निघाला की तरुण मुलं मोबाइलवर किमती काढतात आणि मी नियम काढतो. त्यांना नियम म्हणजे कटकट वाटते. मला त्यांत शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास दिसतो.

मला रेडिओचं हे वेड लागलं उल्हासनगरात, कॅम्प तीनमध्ये. युद्धकाळात ही कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. अशाच एका बराकीत माझे उस्ताद रेडिओ दुरुस्त करत. लाकडी फळीवर ८०७ व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर अर्धवट जोडलेला असायचा. मी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की म्हणायचे, "बेटा, आधी परवाना, मग सोल्डर."

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानुसार तारायंत्रावर सरकारची मक्तेदारी होती. पुढे बिनतारीही त्यातच गेली. १९३३ च्या वायरलेस कायद्याने आणखी पुढे जाऊन विनापरवाना संच नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि हौशी प्रसारकांचे, म्हणजे हॅमचे, परवाने रद्द झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याच्या यंत्राची बाजू सांभाळणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे हॅमच होते. जागा बदलत बदलत ते केंद्र चाललं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं. परक्या सरकारला धडकी भरवण्याइतकी ताकद त्या पेटीत होती. संचाविषयीचा संशय आपल्या कायद्यात इतका खोल का मुरला, ते इथे कळतं.

स्वतंत्र भारताने तो संशय हळूहळू सैल केला. १९७८ च्या हॅम नियमांनी परीक्षा, कॉलसाइन म्हणजे परवानाधारकाची सांकेतिक ओळख, वॅटची मर्यादा, नोंदवही असा रस्ता आखून दिला. मी परीक्षेला बोरिवलीच्या गोराई रोडवरच्या मॉनिटरिंग स्टेशनात गेलो होतो. १९८४ मध्ये हॅमच्या परदेशी संचांवरची आयात जकात माफ झाली, तोवर बहुतेकांचं यंत्र घरीच जोडलेलं किंवा लष्कराच्या भंगारातलं असे. आता ४४६ मेगाहर्ट्झच्या लहान वॉकीटॉकीला परवाना लागत नाही, पण ती सवलत कमी पल्ल्याच्या, कमी ताकदीच्या संचांपुरती आहे. डोंगरावरचा रिपीटर तिच्यात बसत नाही.

आणि बसू नये, असं माझं मत आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत अवघं ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. अँटेना एकच. म्हणून मध्ये डुप्लेक्सर लागतो: धातूचे नळकांडी डबे, प्रत्येक साधारण अर्धा मीटर उंच, आत मधोमध दांडा. माझं आयुष्य अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर गेलं. असे डबे मी स्वतः कातले आहेत. दांडा केसभर खाली-वर झाला तर ट्रान्समीटर स्वतःच्याच रिसीव्हरचे कान फोडतो. डबे ट्यून करताना मी मीटरवर नजर ठेवून श्वास धरतो. उन्हाने धातू फुगला तर सकाळचं ट्यूनिंग दुपारी सरकतं. हीच चूक उंचावर झाली तर त्रास एका घराला होत नाही, सगळ्या खोऱ्याला होतो. फिल्टर, वॅटची मर्यादा, ठरावीक वेळाने कॉलसाइन, दुरून बंद करायची सोय आणि जबाबदार परवानाधारकाचं नाव हे सगळं त्यासाठीच हवं.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली, वीज गेली, मोबाइल मुके झाले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं. अशा रात्री बॅटरीवर चालणारा रिपीटर नुसता असून भागत नाही. त्यावर कोणी बोलायचं, कोणी थांबायचं, हे आधीपासून अंगवळणी पडलेलं लागतं. त्यामुळे मुलांनो, किमती नंतर बघा. आधी दोघा-तिघांनी परीक्षा द्या, परवानगीचा अर्ज कोणाच्या सहीने जाणार ते ठरवा, आणि भर पावसात वर चढून संच बंद करायला कोण जाणार, त्याचं नाव लिहून ठेवा.