कुत्र्याचे नाक आणि धन्याचा चेहरा

मुलाला उभे करून तोंडी हिशेब घातला, की पुष्कळदा ते गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहते. गुरुजींची भुवई हलली, की उत्तर बदलते. शिक्षक मंडळींना हे नवे नाही. पण जनावरेही हेच करतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करी आणि उत्तराइतक्या वेळा खूर आपटी. १९०४ साली जाणत्या मंडळींची समिती बसली. तिला लबाडी आढळेना. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी एक साधी युक्ती केली. ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही, अशा माणसाकडून त्यांनी प्रश्न विचारवला. झाले! हान्सचे गणित चुकू लागले. खूर मोजून पुरे झाले, की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, ते घोडा हेरीत असे. फुंग्स्ट यांनी हे १९०७ साली प्रसिद्ध केले. मालकाच्या मनात कपट नव्हते, बरं का.

कुत्र्यांच्या बाबतीत हाच प्रश्न २०११ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात पुढे आला. वासावरून माल शोधणारे अठरा कुत्रे आणि त्यांना चालवणारी माणसे बोलावली. माणसांना सांगितले, की इथे माल लपवलेला असू शकेल. काही ठिकाणी लाल कागदाची खूणही आहे. वास्तविक तिथे काहीच नव्हते! तरी १४४ शोधांपैकी अवघे २१ बिनचूक निघाले. कधी कुत्र्याने माणसाचे मन ओळखले असेल, तर कधी माणसालाच नसलेला इशारा दिसला असेल.

म्हणून वास हुंगण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा. अमेरिकन केनेल क्लबने २०१७ साली अशा स्पर्धा सुरू केल्या. लवंग, बर्च अशा झाडांच्या तेलाचा वास लावलेला कापूस पेट्यांत, खोल्यांत, अंगणात लपवतात. जागा कुत्रा चालवणाऱ्याला सांगत नाहीत. कुत्र्याने खूण दिली, की त्याने पुकारायचे; परीक्षक ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतो.

मंडळाने आणखी काय सांभाळावे? एका गटातल्या सर्वांना लपवलेली जागा एकच असावी. ज्यांची पाळी झाली, त्यांची उरलेल्यांशी गाठ पडू देऊ नये. जागा माहीत असलेल्यांनी कुत्र्याच्या नजरेआड उभे राहावे. आणि आरंभी स्पर्धेबाहेरचा एक तयार कुत्रा फिरवून वास सापडण्याजोगा आहे ना, हे पाहावे.

एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. स्पर्धेत चूक झाली तर फार तर बक्षीस जाईल. पण पोलिसांचे कुत्रेही याच नाकाने काम करतात. तिथे धन्याच्या संशयालाच कुत्र्याने मान डोलावली, तर निरपराध माणसाची झडती होते.