तलफ म्हणजे शीलभंग नव्हे

तलफ म्हणजे व्यसनाच्या पदार्थाची किंवा सवयीची अचानक उसळणारी तीव्र ओढ. चाकण, भोसरी, तळवडे भागात कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या तरुणांमध्ये आम्हाला ती सर्वाधिक दिसते तंबाखूची. तिसऱ्या शिफ्टला पहाटे तीनच्या सुमारास डोळे मिटू लागतात, शेजारचा तळहातावर तंबाखू मळायला घेतो आणि आठवडाभर टिकलेला संकल्प मोडतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी मात्र मिळतेच.

पंचशीलातले पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली सतरावी आपल्याला पाठ असते. म्हणून तलफ आली तरी मुलगा स्वतःला दोषी मानतो आणि विहारात यायचे टाळतो. तलफ येणे म्हणजे शील मोडणे नव्हे, हे कार्यकर्त्यांनी त्याला स्पष्ट सांगायला हवे. प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा उपजते. तलफ आधी अंगात जाणवते, हात खिशाकडे नंतर जातो. या दोहोंमध्ये थोडी जागा असते. सराव करायचा तो तिथे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी तलफेला लाट म्हटले. तिच्याशी झुंजायचे नाही, ती चढते आणि उतरते ते पाहत तरंगत राहायचे. त्यांच्या गटाने सिएटलमधील एका तुरुंगात झालेल्या गोएंका परंपरेच्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिबिर केलेल्या कैद्यांचे सुटकेनंतरचे नशेचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा कमी आढळले. इगतपुरीचीच पद्धत आता ‘थेरपी’ म्हणून आपल्याकडे परत येते आहे!

प्रत्यक्षात करायचे ते असे. तोंडाला पाणी सुटले का, जबडा आवळला का, छातीत धडधड आहे का, हे नेमके पाहावे आणि श्वासावर लक्ष ठेवावे. डोळे मिटण्याची गरज नाही. मशीनवर असताना तर मिटूच नयेत. एक तलफ सहसा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यात घोटघोट पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग चघळावी. सुपारी नको, तिनेही कर्करोग होतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. दोन ते चार आठवड्यांत जोर बराच कमी होतो. बाबासाहेबांनी १९५४ साली २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, म्हणून संकल्पासाठी तो दिवस निवडावासा वाटेल. पण त्या आठवड्यात तिसरी शिफ्ट असेल तर पहिल्या शिफ्टचा आठवडा येईपर्यंत थांबावे. मध्येच एखादी चिमूट तोंडात गेली, तर मोजणी शून्यावर आणून रडत बसू नये. ती कोणत्या वेळी, कोणासोबत गेली ते लिहून ठेवावे.

ऑनलाइन रमीची ओढ वेगळ्या वेळी, पगाराच्या दिवशी येते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, तरी पळवाटा आहेत. त्या दिवशी पैसे घरच्यांच्या खात्यात टाकलेले बरे.

दारूचे मात्र निराळे. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम, घरच्या घरी सोडू नये. फिट येणे, भ्रम होणे असे जिवावरचे त्रास पहिल्या काही दिवसांतच होऊ शकतात. अशा माणसाला थेट दहा दिवसांच्या शिबिराला पाठवणे धोक्याचे आहे, आधी डॉक्टर. येरवड्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते. फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस १४४१६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६.