तपासलं असेल की कुणीतरी!

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. ॲपकडून आलेली माहिती कर्नल तपासून घेतो का? पण याच एका प्रश्नावर दहा-बारा वर्षांपूर्वी कितीतरी अँड्रॉइड फोन उघडे पडले होते, त्यामुळे पुढे ऐकाच.

आधी कर्नल म्हणजे काय ते सांगतो. फोनच्या आतला हा सगळ्यात वरचा अधिकारी. त्याला मेमरीत कुठेही लिहिता येतं, ॲपला फक्त स्वतःच्या वाट्याच्या जागेत. ॲपला फाइल वाचायची असेल तर ते कर्नलला मेमरीतला एक पत्ता देतं आणि म्हणतं, इथे आणून टाक. आता समजा, आमच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर तुम्ही बर्फवाल्याला लांबूनच बोट दाखवून सांगितलंत, "तो निळा क्रेट आपला, त्यात ओत." त्याने ओतला, आणि क्रेट निघाला शेजारच्या बोटीचा. जेटीवर फार तर भांडण होईल. फोनमध्ये मात्र ॲपने कर्नलच्याच मेमरीचा पत्ता "माझा" म्हणून दिला आणि कर्नलने तो मानला, तर कर्नल आपल्या हाताने आपलेच नियम खोडतो. मग ते ॲप अख्ख्या फोनचं मालक.

म्हणून पत्ता आधी तपासायचा, हे जुनंच शहाणपण आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. या चिपची एक खोड होती. मेमरीचं एखादं पान "फक्त वाचायचं" म्हणून राखून ठेवलं, तरी कर्नलला ती अडवायची नाही. त्यामुळे सुरुवातीच्या लिनक्समध्ये लिहिण्याआधी 'व्हेरिफाय एरिया' नावाचं फंक्शन स्वतः खात्री करून घ्यायचं. ४८६ मध्ये ही राखण चिपलाच करता यायला लागली. पुढे लिनक्समध्ये 'ॲक्सेस ओके' आलं. त्याने फक्त हद्द बघायची, बाकीचं हार्डवेअर बघेल. कामाची वाटणी झाली. आणि वाटणी झाली की काय होतं, हे ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे!

आता आपल्या फोनकडे येऊ. फोनमध्ये असतात एआरएमच्या चिप. तिथे जुन्या पद्धतीत 'डोमेन' नावाची सोय होती. कर्नल ॲपच्या वतीने मेमरीला हात लावायचा तेव्हा चिप त्याला ॲपचेच मर्यादित अधिकार लावायची. चुकीचा पत्ता आला तर चिपच अडवणार. पुढे व्ही६के आणि व्ही७ या पिढ्यांच्या चिपवर कर्नलने डोमेन वापरणं सोडलं. पण 'गेट युजर' आणि 'पुट युजर' ही दोन छोटी फंक्शनं त्याच राखणीच्या भरवशावर होती, त्यांच्यात स्वतःची हद्द-तपासणी नव्हतीच. राखणदार गेला आणि दार तसंच उघडं राहिलं.

दुरुस्ती सप्टेंबर २०१२ मध्ये लिहून झाली आणि लिनक्सच्या ३.५.५ आवृत्तीत आली. तरीही ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये याच भोकातून अँड्रॉइड फोनवर प्रत्यक्ष हल्ले झाले. सीव्हीई-२०१३-६२८२ या नोंदीतच तसं लिहिलंय. फोन 'रूट' करून देणाऱ्या टूल्सनीही हेच भोक वापरलं. मला विचाराल तर मूळ चुकीपेक्षा हे मधलं वर्ष जास्त वाईट. कर्नलची दुरुस्ती आधी चिपवाल्या कंपनीकडे, तिथून फोनवाल्या कंपनीकडे आणि मग तुमच्याकडे येते, आली तर! बोटीवर न्यायला घरातला जुना फोन काढतात, त्याचे अपडेट कधीचे थांबलेले असतात. सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा अपडेट'ची तारीख दिसते, एकदा बघून घ्या.

२०१७ मध्ये परत तेच. 'वेटआयडी' या सिस्टिम कॉलचा कोड वेगवान करताना 'ॲक्सेस ओके' मागे राहून गेलं, आणि ते तसंच ४.१३ आवृत्तीत बाहेर पडलं. ऑक्टोबरमध्ये दुरुस्त झालं. पण लिनसने २०१९ च्या सुरुवातीला त्याहून चांगलं काम केलं. ॲपच्या मेमरीचं दार उघडणाऱ्या फंक्शनमध्येच त्याने ही तपासणी बसवून टाकली. दार उघडलं की तपासणी होणारच, वेगळी लक्षात ठेवायची गरज नाही. मला हा बदल फार आवडतो.

आणि १९ जुलै २०२४. मुंबईसह देशभरच्या विमानतळांवर चेक-इन कोलमडलं, लोकांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. इंडिगोने दोनशेच्या आसपास फ्लाइट रद्द केल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. हा हल्ला नव्हता बरं का! क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा प्रोग्राम विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, त्याला कंपनीच्याच सर्व्हरवरून एक फाइल आली. त्या फाइलचे नियम २१ रकान्यांचे, आणि कर्नलमधला कोड भरून देत होता २०. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" अशी खूण असायची, त्यामुळे तिकडे कधी बघायची वेळच आली नाही. या वेळी खरोखर बघायला सांगितलं. कोड यादीच्या बाहेरची मेमरी वाचायला गेला आणि मशीन निळ्या स्क्रीनवर. साध्या ॲपमध्ये हे झालं असतं तर ॲप बंद झालं असतं, एवढंच.

फाइल पाठवण्याआधी कंपनीत एक तपासणी प्रोग्राम होता. तो २१ रकाने मिळतील असं धरून चालला आणि त्याने फाइल पास केली. कर्नलमधल्या कोडने धरलं की फाइल तपासूनच आली आहे. सहा दिवसांनी, २५ जुलैला दुरुस्ती झाली: यादी किती लांब आहे, हे आता कर्नलमधला कोड वाचण्याआधी स्वतः मोजतो.