देवगिरी, दौलताबाद आणि एक तिरकी रेघ

१३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. डोंगर जागचा हलला नाही, पत्ता मात्र पालटला.

वेबवरचे पत्ते, म्हणजे यूआरएल, असेच पालटतात. अर्धा पत्ता पूर्ण कसा करायचा याचे नियम रॉय फील्डिंग यांनी १९९५ मध्ये मांडले. २००५ मध्ये बर्नर्स-ली, फील्डिंग आणि मॅसिंटर यांनी ते नव्याने लिहिले. आता गंमत बघा. मूळ मार्ग आहे '/मराठवाडा/देवगिरी'. त्याला 'दौलताबाद' जोडा. आपल्याला वाटते, एकापुढे एक येतील. तसे होत नाही! शेवटी तिरकी रेघ नाही, म्हणून 'देवगिरी' पुसले जाते आणि '/मराठवाडा/दौलताबाद' उरते. रेघ असती, तर दोन्ही नावे राहिली असती. आणि जोडायच्या शब्दाआधीच रेघ असेल, तर 'मराठवाडा'सुद्धा जातो.

म्हणूनच जावा भाषेत १.४ या आवृत्तीपासून 'यूआरआय' नावाचा वर्ग आहे. तिथे पत्ता ही नुसती अक्षरांची माळ नाही. जोडणीचे नियम पोटात बाळगणारी ती वस्तू आहे. अधिकचे चिन्ह वापरून दोन माळा चिकटवल्या, तर हे नियम पाळले जातच नाहीत.

२०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या नावाचे कागद, दुवे राहणारच. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे धाडण्यासाठी वेबवर ३०१ हा संकेत आहे. तो लावायचा की नाही, हे आपण ठरवायचे. जुने नाव पुसायचे की पुढे जोडायचे, हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. विसरलेल्या रेघेवर तो सोडू नये.